महाराष्ट्रातील वंचित समूह आणि प्राथमिक आरोग्यसेवेची पोहोच : भोर समितीपासून आशा कार्यकर्तीपर्यंतचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात शिक्षण, सहकार, शेती आणि दलित चळवळ या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. त्या तुलनेत आरोग्यसेवेचा इतिहास उपेक्षित राहिला आहे. जे लेखन उपलब्ध आहे ते प्रामुख्याने नामवंत डॉक्टरांच्या चरित्रांचे किंवा रुग्णालयांच्या वाटचालीचे आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीत किंवा आदिवासी पाड्यावर मूल तापाने फणफणले असता त्याच्या आईला सर्वप्रथम कोणाची मदत मिळत होती, हा प्रश्न इतिहासलेखनात फारसा विचारला गेलेला नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने १९४६ ते २०२४ या कालखंडाचा आढावा घेतला आहे. येथे 'उपलब्धता' आणि 'पोहोच' या दोन संकल्पनांमध्ये भेद केला आहे. तालुक्यात दवाखाना आहे, तेथे डॉक्टरची नेमणूक झाली आहे, ही झाली उपलब्धता. गरजू व्यक्तीला संकोच, भीती, मजुरी बुडण्याची चिंता आणि जातीचा अडसर ओलांडून ती सेवा वेळेवर मिळणे म्हणजे पोहोच. महाराष्ट्रातील अनुभव असा की, उपलब्धता वाढल्याने पोहोच आपोआप वाढली नाही. सेवा देणारी व्यक्ती वंचित समूहातूनच पुढे आली आणि तिच्या पाठीशी शिक्षणाची व संदर्भसेवेची भक्कम व्यवस्था उभी राहिली, तेथेच ती वाढली. हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पूर्वपीठिका

वैद्यकीय सेवा आणि सामाजिक अंतर यांचा संबंध एकोणिसाव्या शतकातच स्पष्ट झाला होता. १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या मदतीने पुण्याजवळ हडपसरच्या परिसरात रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. दवाखाना उघडणे पुरेसे नसते, वस्तीपर्यंत कोणाला तरी चालत जावे लागते, हा या घटनेचा आरोग्यविषयक अर्थ आहे. पुढील शतकभराच्या धोरणांची कसोटीही याच मुद्द्यावर लागली.

भोर समिती आणि पदविकाधारक डॉक्टरांचा प्रश्न

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारापासून वंचित राहू नये, हे तत्त्व या अहवालाच्या केंद्रस्थानी होते. अल्पकालीन योजनेत सुमारे ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर सुचविण्यात आले होते. भारतीय आरोग्यव्यवस्थेच्या आजच्या रचनेचा पाया या अहवालात आहे.

तथापि याच अहवालातील एका शिफारशीचे दूरगामी परिणाम झाले. समितीच्या आकडेवारीनुसार त्या वेळी देशात ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांपैकी १७,६५४ पदवीधर, तर २९,८७० पदविकाधारक होते. मुंबई इलाख्यात एलसीपीएस ही पदविका घेतलेले डॉक्टर लहान गावांत व्यवसाय करीत. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा समान असावा या हेतूने समितीच्या बहुमताने पदविका अभ्यासक्रम बंद करून पदवीधर हा एकाच प्रकारचा डॉक्टर घडविण्याची शिफारस केली. डॉक्टरांची टंचाई असताना असे करणे योग्य नाही, असे मत काही सदस्यांनी भिन्नमतपत्रिकेत नोंदविले. ते मान्य झाले नाही.

बहुमताचा युक्तिवाद पोकळ नव्हता. ग्रामीण गरिबांना कमी शिकलेला डॉक्टर आणि शहरी श्रीमंतांना पूर्ण शिकलेला, ही विभागणी लोकशाहीत समर्थनीय ठरत नाही, ही त्यामागील भूमिका होती. परंतु पदवीधर डॉक्टर महाविद्यालयातून बाहेर पडून शहरातच स्थिरावला, तर समान दर्जाचा लाभ नेमका कोणाला, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. त्याचे उत्तर पुढील पिढ्यांना शोधावे लागले.

केंद्रे उभी राहिली, अंतर कायम राहिले

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या अंतर्गत प्राथमिक आरोग्य केंद्रे स्थापन होऊ लागली. प्रत्यक्षात एका विकास गटामागे एक केंद्र असे प्रमाण राहिल्याने भोर समितीला अभिप्रेत असलेल्या लोकसंख्येपेक्षा कितीतरी अधिक लोकसंख्येचा भार एकेका केंद्रावर पडला. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्याची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यामुळे आरोग्य केंद्र स्थानिक लोकप्रतिनिधींच्या कक्षेत आले, ही महत्त्वाची घटना होती.

मात्र केंद्राची जागा, कर्मचाऱ्यांची सामाजिक पार्श्वभूमी आणि कामाचे अग्रक्रम यांमुळे वंचित समूह दूरच राहिले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे पूर्ण करणे हे आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रमुख काम बनले. गावात येणारी नर्सबाई ही आजारपणात धावून येणारी व्यक्ती न राहता शस्त्रक्रियेसाठी नावे गोळा करणारी व्यक्ती वाटू लागली. एकदा उडालेला विश्वास केवळ औषधे पुरवून परत मिळत नाही.

जामखेड : सेवा देणारी व्यक्ती कोण असावी?

या पार्श्वभूमीवर १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर होते. त्याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना, बरे होऊन गेलेले रुग्ण त्याच आजाराने पुन्हा परत येतात, हे त्यांनी अनुभवले होते. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी जामखेडची निवड केली. हा तालुका अवर्षणप्रवण, रस्त्यांपासून वंचित आणि जातिभेदाने ग्रासलेला होता.

सुरुवातीला प्रशिक्षित सहायक परिचारिकांना गावात राहण्यासाठी पाठविण्याचा प्रयोग झाला. तो यशस्वी झाला नाही. परक्या गावात एकटी राहणारी तरुण परिचारिका स्वतःच असुरक्षित होती आणि गावातील स्त्रिया तिला आपली मानत नव्हत्या. तेव्हा गावातीलच स्त्रीला शिकवावे, असा विचार पुढे आला. गावाने निवडलेल्या या ग्राम आरोग्य कार्यकर्तींमध्ये दलित स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. वयाने प्रौढ, संसाराचा व बाळंतपणाचा अनुभव असलेल्या या स्त्रिया गावातच राहणार होत्या. वैद्यकीय व्यवस्थेच्या दृष्टीने ज्या 'अपात्र' होत्या, त्याच पोहोचीच्या दृष्टीने सर्वांत पात्र ठरल्या.

तथापि केवळ निवडीमुळे हे घडले नाही. कार्यकर्ती नियमितपणे जामखेडच्या केंद्रात एकत्र येत. गावातील घटना सांगत, चुका उलगडत, नवे शिकत आणि परत जात. हे शिक्षण तीन महिन्यांत संपणारे नव्हते, ते वर्षानुवर्षे चालले. परिचारिका व डॉक्टरांचे फिरते पथक गावांना भेट देई आणि गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी जामखेडचे रुग्णालय होते. गाव, फिरते पथक आणि रुग्णालय अशी ही त्रिस्तरीय रचना होती. कार्यकर्तीने पाठविलेल्या रुग्णाला रुग्णालयात मान मिळे, आणि त्यातून गावात तिच्या शब्दाला वजन येई.

दुसरी बाब म्हणजे आरोग्याची व्याख्याच येथे विस्तारली. १९७२ च्या दुष्काळात अन्न आणि पाणी हेच आरोग्याचे पहिले प्रश्न होते. विंधनविहिरींची जागा ठरविताना शक्य तेथे दलित वस्तीला प्राधान्य देण्यात आले. त्यामुळे पाण्यासाठी सर्वांनाच त्या वस्तीत यावे लागले. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे यांच्याद्वारे गावकरी स्वतः बालकांची वजने, पाण्याची स्वच्छता, बाळंतपणे यांची चर्चा करू लागले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार तेथील अर्भकमृत्युदर १९७१ मध्ये दर हजारी १७६ होता, तो १९७६ मध्ये ५२ पर्यंत खाली आला. या नोंदी प्रकल्पाने स्वतः ठेवलेल्या आहेत आणि त्या काळात तुलनेसाठी स्वतंत्र नियंत्रित क्षेत्र नव्हते, ही मर्यादा अभ्यासकाने ध्यानात घेतली पाहिजे. तरीही बदलाची दिशा नाकारता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रकाशित केलेल्या ग्रंथात जगभरातील निवडक प्रयोगांमध्ये जामखेडचा समावेश होता. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वढू आणि मांडवा : दोन भिन्न अनुभव

सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात अन्यत्रही असे प्रयोग झाले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक परिसरात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. शहरातील मोठे रुग्णालय, जिल्हा परिषदेचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि गावातील कार्यकर्ते यांची सांगड हे त्याचे वैशिष्ट्य होते. शासनाला पर्याय उभा करण्याऐवजी शासकीय केंद्रच कार्यक्षम करण्याचा हा मार्ग होता.

मांडव्याचा अनुभव वेगळा होता. प्रख्यात सुघटनशल्यविशारद डॉ. नोशीर अंतिया यांनी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात, मांडवा परिसरातील सुमारे ३०,००० लोकसंख्येत, गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण दिले. या स्त्रियांनी क्षय व कुष्ठरोगासारख्या आजारांतही समाधानकारक काम करून दाखविले. परंतु त्या गावात विश्वास संपादन करू लागताच स्थानिक राजकीय हितसंबंध दुखावले गेले. आरोग्य यंत्रणेचेही सहकार्य मिळाले नाही. अखेर १९८० च्या दशकात हा प्रकल्प आवरता घ्यावा लागला.

मांडव्याच्या अपयशाची चर्चा आपल्याकडे कमी होते. वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीने ते यशाइतकेच बोलके आहे. गरीब स्त्रीच्या हाती औषधाची पेटी आणि ज्ञान आले की गावातील सत्तासंबंध बदलतात, त्यामुळे विरोधही होतो. आरोग्यसेवेची पोहोच हा केवळ व्यवस्थापनाचा प्रश्न नाही, तो सत्तेचाही प्रश्न आहे.

शासकीय योजना : रूप घेतले, आशय सुटला

१९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने समाजातूनच निमव्यावसायिक आरोग्य कार्यकर्ते तयार करण्याची शिफारस केली. त्यानंतर २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने देशव्यापी योजना सुरू केली. सुमारे १,००० लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, दरमहा ५० रुपये मानधन आणि तेवढ्याच किमतीची औषधे असे तिचे स्वरूप होते. पुढील वर्षी, सप्टेंबर १९७८ मध्ये, अल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला. भारताची योजना त्याआधीच सुरू झाली होती, ही अभिमानाची बाब म्हणता येईल.

प्रत्यक्षात मात्र बाह्य रूप घेतले गेले आणि आशय सुटला. निवड झालेल्यांमध्ये पुरुषांची संख्या फार मोठी होती. माता व बालकांचे आजार हा ग्रामीण आरोग्याचा गाभा असताना ही निवडच विसंगत होती. अनेक ठिकाणी निवडीवर गावातील वजनदार मंडळींचा प्रभाव राहिला. प्रशिक्षण एकदाच झाले, पुढे पाठबळ मिळाले नाही. १९८० आणि १९८१ मध्ये योजनेचे नाव बदलले, 'आरोग्य कार्यकर्ता' प्रथम 'स्वयंसेवक' आणि नंतर 'ग्राम आरोग्य मार्गदर्शक' झाला. नावे बदलली तरी तो लोकांचा प्रतिनिधी की शासनाचा अल्पवेतनी सेवक, हा संभ्रम मिटला नाही. पुढे योजना क्षीण होत गेली.

याच काळात भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाचा पर्यायी आरोग्यनीतीविषयक अहवाल पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने १९८१ मध्ये प्रकाशित केला. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा त्यात मोठा वाटा होता. दारिद्र्य व विषमता यांचे निर्मूलन आणि आरोग्यसेवा यांचा एकत्रित विचार या अहवालाने मांडला. १९८३ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानंतर मैदानी भागात ३०,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तसेच अनुक्रमे ५,००० व ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हे निकष रूढ झाले. इमारतींची संख्या वाढली, पण गावातील कार्यकर्तीचा विचार पुन्हा मागे पडला.

गडचिरोली : पुराव्याचे बळ

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. डॉ. राणी बंग यांच्या नेतृत्वाखाली दोन गावांतील स्त्रियांची तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, त्यांपैकी फारच थोड्यांनी पूर्वी उपचार घेतले होते. दुखणे होते, परंतु ते सांगण्याजोगी व्यक्ती नव्हती, असा याचा अर्थ.

पुढे १९९३ ते १९९८ या काळात नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग ३९ गावांत झाला व ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. गावातील प्रशिक्षित कार्यकर्तीने बाळाचे वजन घेणे, ऊब राखणे, श्वासरोधावर प्रथमोपचार करणे आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून पालकांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, अशी कामे केली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रायोगिक गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. जामखेडच्या नोंदींबाबत वर उल्लेखिलेली मर्यादा येथे राहिली नाही. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रीने इंजेक्शन द्यावे का, या वादाला आकडेवारीने उत्तर मिळाले. २०११ मध्ये घरोघरी नवजात बालकाच्या काळजीचा कार्यक्रम आशा कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारण्यात आला. मात्र राष्ट्रीय कार्यक्रमाचे स्वरूप मूळ प्रयोगापेक्षा मर्यादित राहिले.

आशा : पोहोच वाढली, दर्जा अनिश्चित

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि सुमारे १,००० लोकसंख्येमागे एक 'आशा' नेमण्याचा निर्णय झाला. ती गावातील रहिवासी स्त्री असावी, ही अट १९७७ च्या चुकीतून घेतलेला धडा होता. बाळंतपण दवाखान्यात होणे, लसीकरण, क्षयरुग्णांचा पाठपुरावा या बाबतींत आशांचे योगदान सर्वमान्य आहे. कोविडच्या साथीत त्यांनी घरोघरी सर्वेक्षण केले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला.

परंतु मूळ संभ्रम येथेही कायम राहिला. आशा शासकीय कर्मचारी नाही. तिला कामागणिक मोबदला आणि काही ठरावीक मानधन मिळते. ज्या कामाला मोबदला आहे ते आधी होते. रात्री अडलेल्या बाईसोबत जाण्याचे, समजूत घालण्याचे, ऐकून घेण्याचे मोल कोणत्याही तक्त्यात बसत नाही. महाराष्ट्रातील आशांनी २०२१ आणि २०२३ मध्ये केलेले संप या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागतात. जामखेडच्या कार्यकर्तीला गावाचा आधार होता. आशेवर मात्र गावाची अपेक्षा आणि खात्याचे अहवाल या दोहोंचा भार आहे.

२००७ पासून अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तत्कालीन उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया सुरू झाली. जनसुनवाईत गावकरी आरोग्य अधिकाऱ्यांसमोर उभे राहून औषधटंचाई, गैरहजेरी, बेकायदा पैशांची मागणी यांविषयी बोलले. जो सेवा मागतो त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, हे येथे व्यवहारात आले. पोहोचीच्या इतिहासात या टप्प्याची नोंद आवश्यक आहे.

२०१८ नंतर आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यात येऊ लागले. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातही मर्यादित परवान्याच्या आरोग्य व्यावसायिकाची तरतूद आहे. १९४६ मध्ये नाकारलेला मधल्या स्तरावरील सेवा देणारा सात दशकांनंतर वेगळ्या नावाने परतला आहे. त्या वेळच्या आक्षेपाचे उत्तर मात्र आजही द्यावे लागेल. अशी व्यक्ती डॉक्टरपर्यंत नेणारी पायरी असेल तर ती न्याय्य आहे. ती डॉक्टरच्या अनुपस्थितीवरचे पांघरूण असेल, तर गरिबांसाठी दुय्यम सेवा हा आरोप खरा ठरेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. वंचित समूहांपासून आरोग्यसेवा दूर राहण्यास भौगोलिक अंतराइतकेच जात, लिंगभाव आणि सत्तासंबंध यांचे अंतर कारणीभूत होते.

२. सेवा देणारी स्त्री त्याच समूहातील असणे आवश्यक ठरले, परंतु पुरेसे ठरले नाही. सततचे शिक्षण, नियमित भेटी, संदर्भ रुग्णालय आणि समाजाचा पाठिंबा या चार बाबी जेथे होत्या तेथेच परिणाम टिकला.

३. शासनाने प्रयोगांतील व्यक्ती स्वीकारली, तिच्याभोवतीची व्यवस्था मात्र अपुरी स्वीकारली. १९७७ च्या योजनेची घसरण आणि आशांची आजची अस्वस्थता यांचे मूळ एकच आहे.

शेवटी एका निकडीच्या कामाकडे लक्ष वेधणे उचित होईल. सत्तरच्या दशकात काम सुरू केलेल्या कार्यकर्त्या, सुईणी आणि आरोग्यसेविका आता वृद्धापकाळात आहेत. त्यांपैकी अनेकींनी स्वतः काहीही लिहून ठेवलेले नाही. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी जे घडविले, ते अहवालांत आकड्यांच्या रूपाने शिल्लक आहे. त्यांचा अनुभव, त्यांची भाषा, त्यांना झालेला विरोध हे सारे त्यांच्या स्मृतीतच आहे. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास व समाजशास्त्र विभागांनी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने, आपापल्या परिसरातील अशा स्त्रियांच्या मुलाखती नोंदवून ठेवल्या तर मौखिक इतिहासाचे मोलाचे साधन निर्माण होईल. हे काम पुढच्या पिढीवर सोपविता येणार नाही, कारण तोवर सांगणारे कोणी उरणार नाही.